पुढची चाकं जमा करा

गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडतात, हे अभियांत्रिकीला आपलं मोठंच योगदान होय. बोजा असा चोख रचतात, की चढ लागताच ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे होतं आणि पुढची चाकं विश्रांती घेतात. स्टिअरिंग फिरवण्याची यातायातच उरत नाही. मागे रिफ्लेक्टर असतीलच असं नाही; पण गाणी एवढ्या आवाजात लावलेली, की अंधारात वाहन दिसलं नाही तरी ऐकू येतं. सबब, पुढच्या हंगामापासून ही निरुपयोगी चाकं आरटीओत जमा करून घ्यावीत, ही नम्र विनंती. जादा वजनाची काळजी तर नकोच. रस्त्यावर ते कितीही असो, कारखान्याच्या काट्यावर पोचेपर्यंत आपोआप कमी होतं.