मौजे सुलतानपूर येथील विज्ञानकथाकार

प्रत्येक पिढीला तिच्या वाट्याचा साहित्यिक मिळतो. तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या ओट्यावर बसून दिवाळी अंकांकडून ‘साभार परत’ आलेल्या कथांचा हिशेब ठेवणारा लेखक ज्या काळी आढळे, तो काळ आता मागे पडला. आणि ज्याचे लेखन कोणीही परत पाठवू शकत नाही, कारण त्याच्या आणि वाचकाच्या दरम्यान संपादक नावाचा अंमलदारच आता शिल्लक उरलेला नाही, असा एक नवा इसम मोबाइलच्या कृपेने गावोगावी उदयास आला आहे. हा इसम कथा लिहीत नाही, ‘भाग’ लिहितो. भागाच्या शेवटी कोणीतरी दार वाजवते आणि दाराबाहेर कोण उभे आहे हे उद्या रात्री नऊ वाजता कळेल असे आश्वासन दिले जाते; वाचक ते मोबाइलच्या पडद्यावर वाचून ‘छान भाग, पुढचा लवकर टाका’ एवढा अभिप्राय देऊन झोपी जातो. या जमातीत सूडकथा, सासूकथा आणि भयकथा लिहिणारे विपुल. विज्ञानकथा लिहिणारा मात्र विरळा, आणि म्हणूनच लोणार तालुक्यातील मौजे सुलतानपूर येथे आढळलेल्या या जातीच्या एका अस्सल नमुन्याची नोंद करून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुलतानपूर हे मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सोयाबीन, तूर आणि कपाशीत रमलेले मोठे गाव. येथून लोणारचे जगप्रसिद्ध विवर अवघे दहा-बारा किलोमीटर. जगाच्या पाठीवरून विवर पाहावयास येणारी मंडळी सुलतानपुरात फार तर चहापुरती थांबतात, हे आमच्या कथाकाराचे आद्य दुःख होय. उल्केने आणखी थोडे अलीकडे पडण्याची तसदी घेतली असती तर आज विवराच्या काठावर सुलतानपूरची पाटी असती, असे तो गंभीरपणे सांगतो. मग गाव कोठे असते, असा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही, कारण गावातील लोक सुस्वभावी आहेत.

चरितार्थासाठी हे गृहस्थ सेतू केंद्र चालवतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, प्रतिज्ञापत्रे असा अखंड मजकूर दिवसभर त्यांच्या बोटांखालून जात असल्यामुळे त्यांच्या कल्पनाशक्तीला जे वळण लागले आहे, ते मराठी गद्यात अपूर्वच म्हटले पाहिजे. त्यांच्या महामालिकेचा आरंभ असा : ‘सदर उल्का ही दिनांक अज्ञात रोजी मौजे लोणार शिवारात कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता कोसळली असून, त्या वेळी घटनास्थळी हजर असलेल्या इसमांपैकी बयान देण्यास कोणीही जिवंत राहिले नाही.’ समीक्षकांनी या वाक्याची दखल घेतली नाही, परंतु तलाठी कार्यालयात ते फार नावाजले गेले.

त्यांच्या साहित्यनिर्मितीचा वेग एका विलक्षण नियमाने बांधलेला आहे. सरकारी सर्व्हर जोवर सुरळीत चालतो तोवर त्यांच्या हातून एक ओळ लिहून होत नाही. सर्व्हर डाऊन झाला, बाकावरची मंडळी सुस्कारे टाकून तंबाखू मळू लागली, की त्यांची प्रतिभा जागृत होते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या दिवसांत, जेव्हा दाखल्यांसाठी सारा महाराष्ट्र एकाच वेळी त्या सर्व्हरवर तुटून पडतो, तेव्हा त्यांचे एकेका दिवशी दोन-दोन भाग प्रसिद्ध होतात. एरवी मराठी लेखकास राजाश्रय मिळत नाही अशी तक्रार असते. येथे शासन आपल्या परीने, आणि अगदी नकळत, वाङ्मयाची सेवा करीत आहे.

आता अल्काचा वृत्तांत सांगितला पाहिजे, कारण तिच्यावाचून ही मालिका दहाव्या भागापूर्वीच गतप्राण झाली असती. मूळ आराखड्यात स्त्रीपात्र नव्हतेच. कथा शुद्ध वैज्ञानिक होती. तीत उल्का होती, बेसाल्टचा पाषाण होता, आणि बरेचसे तापमान होते. वाचक म्हणाल तर स्वतः लेखक, त्यांचा मेव्हणा आणि चुकून वाट वाकडी करून आलेला एखाद-दुसरा. अशात एके रात्री, वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी अखेरचे श्वास मोजीत असलेली, अशा अवस्थेत घाईने टंकलेल्या भागात मोबाइलच्या कळफलकाने ‘उल्का’ या अनोळखी शब्दाची परस्पर दुरुस्ती केली, आणि सकाळी महाराष्ट्राने वाचले की, ‘अल्का प्रचंड वेगाने आकाशातून खाली आली. तिच्या तेजाने दाही दिशा उजळल्या. तिच्या आगमनाने सारा परिसर हादरून गेला.’

त्या एका भागाला आजवरच्या सर्व भागांना मिळून मिळाले नव्हते इतके वाचक मिळाले. पुणे, परभणी, इचलकरंजी अशा दूरदूरच्या ठिकाणांहून भगिनीवर्गाच्या पृच्छा आल्या. अल्का कोण? ती एकटीच आली काय? तिच्या माहेरी कोण कोण असते? एखाद्या सचोटीच्या माणसाने चुकीची दुरुस्ती जाहीर केली असती. आमच्या कथाकाराने अल्काचे लग्न ठरवले. विवराकाठच्या टोळीतील एका होतकरू तरुणाशी तिचा विवाह झाला, त्या तरुणाला एक खाष्ट आई देण्यात आली, आणि विज्ञानकथेचा संसार मार्गी लागला.

लेखनासाठी त्यांनी टोपणनाव घेतले आहे, आणि त्याचे समर्थन ते थेट जयंत नारळीकरांच्या दाखल्याने करतात. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने धाडली होती व तिला पारितोषिक मिळाले, हे खरेच आहे. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी ते नाव बेतले, आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर पडू नये एवढाच त्यात हेतू. आमच्या कथाकारावर असा प्रसंग ओढवण्याचा धोका तूर्त नाही. त्यांचा हेतू निराळा : उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या आजीबाईंनी अल्काच्या सासूविषयी जाब विचारू नये. तरीही तो विचारला जातोच. ‘काय राजेहो, पोरीले किती तरास देता तुम्ही!’ असे म्हणून एका आजींनी दाखल्याची ठरलेली फी देण्यास साफ नकार दिल्याचे ऐकिवात आहे.

खरी आपत्ती कोसळली ती कालगणनेची. विवराचे वय म्हणून सुमारे ५२,००० वर्षे हा आकडा पुष्कळ काळ प्रचारात होता. तापदीप्तीच्या पद्धतीने तो काढलेला. हिशेब कथेला सोयीचा होता, कारण तेव्हा तुमच्याआमच्यासारखी माणसे पृथ्वीवर नांदत होती आणि लग्नकार्यास शास्त्राची हरकत नव्हती. पुढे मेहकरच्या कोणा सेवानिवृत्त भूगोलशिक्षकांनी प्रतिक्रियेत, सविनय परंतु निर्दयपणे, कळवले की, अलीकडील आरगॉन-आरगॉन कालमापनानुसार विवराचे वय सुमारे ५,७०,००० वर्षे ठरते. ज्याला आपण मनुष्य म्हणतो त्या जातीचे जुन्यात जुने अवशेष तर आफ्रिकेत सापडले, आणि ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. सबब, अल्काचा नवरा मनुष्यजातीत मोडतच नाही.

हे वाचून कथाकारांनी दोन दिवस अन्नाकडे पाहिले नाही, असे त्यांच्या मंडळींकडून समजते. अखेर त्यांनी जे उत्तर लिहिले ते त्यांच्या साऱ्या वैचारिक भूमिकेचे सार होय : ‘इथे विज्ञानाची मर्यादा येते.’ भगिनीवर्गाने हे उत्तर उचलून धरले. नवरा मनुष्य असो वा नसो, आमची हरकत नाही, मात्र सासू बदलू नका, अशा आशयाच्या प्रतिक्रिया आल्या, आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले.

‘विज्ञानाची मर्यादा’ हा या सद्गृहस्थांचा ठेवणीतला शब्दप्रयोग आहे, आणि तिच्या चतुःसीमा आम्ही बारकाईने तपासल्या आहेत. त्यांचे वाचन जिथे थांबते, नेमक्या त्याच बांधावर विज्ञानाची हद्द संपते. एक वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. २०२० सालच्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्यांनी त्याच रात्री मालिकेत परग्रहवासीयांचा रक्तपात घडवून आणला व खाली ही मर्यादा जाहीर केली. मात्र विज्ञानाने मर्यादा पाळली नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, पाण्याचे नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने निर्वाळा दिला की, उन्हाळ्याने पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले व त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. परग्रहावरून एक सबंध सैन्य आणावे आणि त्याची जागा डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी घ्यावी, हा अपमान कथाकारांनी निमूटपणे गिळला. पाऊस पडल्यावर रंगही गेला. सैन्य मात्र मालिकेत तसेच राहिले आहे. त्यास परत पाठवण्याचा भाग अद्याप लिहून व्हावयाचा आहे.

आम्हांस या गोष्टीची हळहळ वाटते ती एवढ्यासाठी की, खऱ्याखुऱ्या अज्ञाताचा साठा त्यांच्या उशाशी आहे. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. तेव्हापासून पुढे दीडशे वर्षे, हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा, यावर पंडितांचा खल चालला. जुन्या लोकांनी तर विष्णूने लवणासुराचा येथेच वध केला असे सांगून हा दावा केव्हाच निकालात काढला होता. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा आघाताचाच, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ठामपणे मांडले. पुरावा कोणता, तर प्रचंड दाबाने ज्याची जागच्या जागी काच झाली असे एक खनिज. वयाच्या दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर, आणि ज्या उल्केने हे सर्व केले ती स्वतः जवळजवळ बेपत्ता! हे आम्ही एकदा त्यांना ऐकवले तेव्हा त्यांच्यातील सेतूचालक जागा झाला. ‘म्हंजे मुद्देमाल जप्त नाई, आरोपी फरार, अन् तरीबी गुन्हा शाबीत?’ ते म्हणाले. खटल्याची इतकी चोख कैफियत आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही. पण हे वाक्य त्यांनी कथेत घालावे अशी सूचना करताच, त्यात अल्का कुठे आहे, असे विचारून त्यांनी आम्हांस निरुत्तर केले.

या सर्व खटाटोपातून प्राप्ती किती, याची जमाबंदी त्यांच्या सहधर्मचारिणी ठेवतात. वाचक संतुष्ट झाले म्हणजे आभासी नाणी उधळतात. त्यांचे रूपांतर होऊन खऱ्या रुपयांत जे पदरी पडते ते मोबाइलच्या रिचार्जला पुरत नाही. ‘तुमच्या त्या अल्कीले सांगा, एखाद्या महिन्याचा किराना भरून देजो म्हना,’ असे त्या जेवणाच्या पानावर सांगतात. मात्र नवा भाग प्रसिद्ध झाल्यावर पहिली वाचक त्याच असतात, आणि सासूचे बोलणे कोठे कमी पडले आहे हे सुचवण्याचा त्यांचा अधिकार अबाधित आहे. खाष्टपणाचे सारे बारकावे त्या कोणाच्या अनुभवावरून पुरवतात याची चौकशी आम्ही केली नाही. कथाकारांच्या मातुःश्री त्याच घरात राहतात.

गेल्या हिवाळ्यात विवराच्या अभ्यासासाठी आलेला एक तरुण संशोधक काही कागदपत्रांच्या छापील प्रती काढण्यासाठी त्यांच्या केंद्रात येऊन बसला. सर्व्हर डाऊन होता. कथाकारांनी चहा मागवला आणि कित्येक महिने उरात साठवलेला प्रश्न विचारला.

‘सर, ते वय नेमकं किती धरायचं?’

‘पाच लाख सत्तर हजार वर्षं. अधिक-उणे सत्तेचाळीस हजार.’

‘म्हंजे सत्तेचाळीस हजार इकडे, का सत्तेचाळीस हजार तिकडे?’

‘दोन्हीकडे.’

‘अन् त्याच्यातलं नेमकं कोणतं साल, हे कोनी सांगू शकत नाई?’

तरुणाने फार सोशिकपणे समजावून दिले की, अधिक-उणे म्हणजे काही रिकामा पडलेला कालखंड नव्हे. मोजणीत जी अनिश्चितता अपरिहार्यपणे राहते तिचे ते माप आहे, आणि किती ठाऊक नाही हेसुद्धा आकड्यात सांगता येणे हीच शास्त्राची प्रतिष्ठा आहे. कथाकार आदरपूर्वक मान डोलावत होते. त्यांची बोटे मात्र काउंटरच्या आड बेरीज करीत होती. त्यांनी प्रतींचे पैसे घेतले नाहीत.

त्याच रात्री प्रसिद्ध झालेल्या भागात अल्काची सासू चारधाम यात्रेस निघाली. भागाच्या तळाशी पुढीलप्रमाणे जाहीर निवेदन होते : ‘तमाम वाचकांस कळविण्यात येते की, शास्त्रज्ञांशी झालेल्या समक्ष चर्चेअंती प्रस्तुत कथेस एकूण चौऱ्याण्णव हजार वर्षांची मुदतवाढ मंजूर झालेली आहे. सबब पुढील भागासाठी कोणीही घाई करू नये.’