निराश व्हावे कसे? : स्टीफन किंगच्या जुन्या वाचकांसाठी मार्गदर्शिका

आवडत्या भयकथाकाराची नवी कादंबरी वाचून निराश होणे ही सोपी गोष्ट नव्हे. नवख्या वाचकाला ते जमत नाही. तो पुस्तक उघडतो, आवडलं तर वाचतो, नाही आवडलं तर मिटतो आणि जेवायला बसतो. शास्त्रशुद्ध निराशेला पूर्वपुण्याई लागते. त्या लेखकाची दहा-बारा जुनी पुस्तकं वाचून झालेली असावीत, त्यांतल्या एखाद्याने तरी ऐन उमेदीच्या वयात रात्री एकट्याने संडासला जाण्याची हिंमत काढून घेतलेली असावी, आणि या घटनेला भरपूर वर्षं लोटलेली असावीत. तिन्ही अटी आमचे साडू पूर्ण करतात. प्रस्तुत मार्गदर्शिका त्यांच्या दीर्घ निरीक्षणातून सिद्ध झाली आहे. वाचकांनी ती त्यांना दाखवू नये.

प्रथम लेखकाची निवड. लेखक हयात असावा. मराठीतले भयकथाकार नारायण धारप २००८ साली गेले. त्यानंतर त्यांनी एकाही वाचकाची निराशा केलेली नाही. शिवाय लेखक भरपूर लिहिणारा हवा, म्हणजे साधकाचा सराव तुटत नाही. या दोन्ही कसोट्यांवर अमेरिकेतल्या मेन राज्याचे स्टीफन किंग यांच्याइतका सोयीचा लेखक दुसरा सापडणार नाही. जन्म १९४७ चा, पहिली कादंबरी ‘कॅरी’ १९७४ ची, आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी एक पुस्तक, एखाद्या वर्षी दोन-तीनसुद्धा. २०२१ मध्ये ‘लेटर’ आणि ‘बिली समर्स’ अशा दोन कादंबऱ्या लागोपाठ आल्या, तेव्हा साडूंना पहिली निराशा पुरती ओसरायच्या आत दुसरी करून घ्यावी लागली. त्या वर्षी त्यांची फार ओढाताण झाली.

पहिली निराशा शक्य तितक्या लवकर उरकावी. साडूंनी ती आपण वाचलेल्या किंगच्या पहिल्याच पुस्तकात उरकली. त्याचं असं झालं की, त्यांनी आधी वाचनालयातून धारपांची ‘लुचाई’ नेऊन वाचली होती. पुढे कॉलेजात असताना फोर्टातल्या फुटपाथवर ‘सेलम्स लॉट’ मिळालं. अर्ध्यावर येऊन ते संतापले, “हा माणूस आपल्या धारपांचं ढापतो!” ‘सेलम्स लॉट’ १९७५ चं आहे आणि ‘लुचाई’ त्यावरून बेतलेली आहे, हे त्यांना समजावून सांगण्यात आलं. “असेल,” ते म्हणाले, “पण मी आधी ‘लुचाई’ वाचली ना?” या विषयावर चर्चासत्रांतून मी याहून लांब भाषणं ऐकली आहेत, याहून प्रामाणिक एकही नाही.

आणि साडूंचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. किंगची खरी करामत ‘सेलम्स लॉट’मधल्या रक्तपिपासूत नाहीच. ती त्यातल्या गावात आहे. किराणा दुकान, तिथे बसणारे रिकामटेकडे, कोण कोणाकडे जातं यावर डोळा ठेवणारी बाई, पहाटे दूध टाकणारा माणूस. हे सगळं तो इतक्या बैजवार सांगतो की संकट येईपर्यंत आपण त्या गावचे रहिवासी झालेले असतो. धारपांनी हे अचूक ओळखलं. नुसतं भूत उचलून आणून भागणार नाही, गाव आपलं उभं करावं लागेल, हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या नंतर अनेकांनी नुसती भुतं आणली.

आता महत्त्वाचा विधी : लेखकाच्या अधोगतीची तारीख निश्चित करणे. तारखेशिवाय केलेली निराशा ग्राह्य धरली जात नाही. किंगच्या बाबतीत चार मुख्य पंथ आहेत. सत्त्याऐंशीवाले म्हणतात, ‘द टॉमीनॉकर्स’पासून सगळं बिघडलं. या पंथाची अडचण अशी की २०१४ च्या एका मुलाखतीत खुद्द किंगनेच ते पुस्तक भिकार असल्याचं कबूल केलं. लेखकच आपल्या बाजूला येऊन बसला की निराशेतली निम्मी मजा जाते. नव्याण्णववाले १९ जून १९९९ ही तारीख धरतात. त्या दिवशी रस्त्याकडेने फिरायला निघालेल्या किंगला एका व्हॅनने उडवलं. पाय, कंबर, बरगड्या, फुप्फुस, सगळ्याची वाताहत झाली. बसणं असह्य होत असताना त्याने ‘ड्रीमकॅचर’ हाताने लिहून काढली. २००१ मध्ये ती आली, आणि तीही पुढे त्याला स्वतःला फारशी आवडेनाशी झाली. तिसरा पंथ २००४ चा, ‘द डार्क टॉवर’ मालिकेच्या सातव्या खंडाचा शेवट वाचून दुखावलेल्यांचा. चौथा २०१४ चा : ‘मिस्टर मर्सिडीज’मध्ये भूत नाही, निवृत्त पोलीस आहे, हा आमच्यावर अन्याय आहे! त्या कादंबरीला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला, याने त्यांच्या जखमेवर मीठच पडलं. गणपतीत गल्लीतल्या प्रत्येक मंडळाला वर्गणी देणाऱ्या गृहस्थासारखे आमचे साडू आळीपाळीने चारही पंथांत असतात.

जाडी : पुस्तक जाड असेल तर ‘पाल्हाळ’, बारीक असेल तर ‘उरकलंय’. मधलं माप अस्तित्वात नाही.

पाल्हाळावरून आठवलं. “याच्या पुस्तकांना आता कोणी कात्रीच लावत नाही” हे वाक्य साधकाला पाठ हवं, परंतु ते ‘द स्टँड’ वाचलेल्या माणसासमोर म्हणू नये. १९७८ मध्ये प्रकाशकाने त्या कादंबरीला खरोखरच कात्री लावली होती, तीही थोडीथोडकी नाही, चारेकशे पानांची. छपाईचा खर्च परवडत नव्हता. १९९० मध्ये किंगने कापलेला बराचसा भाग परत घालून अखंड आवृत्ती काढली, आणि कात्रीसाठी टाहो फोडणाऱ्या याच मंडळींनी ती डोक्यावर घेतली. साडूंकडे दोन्ही आहेत. दोन्ही माझ्या.

शेवटाविषयी तक्रार करणे अनिवार्य आहे. मात्र ती नव्या पुस्तकाच्या शेवटाविषयी करताना जुन्या शेवटांचा विषय निघू देऊ नये. साडूंचं सर्वांत लाडकं पुस्तक ‘इट’, १९८६ चं, अकराशेहून अधिक पानांचं. त्याबद्दल विचारा : पावसात वाहत जाणारी कागदाची होडी, गटाराच्या तोंडाशी उभा विदूषक, दर सत्तावीस वर्षांनी गावाला लागणारी ती कीड. सगळं तोंडपाठ. मग विचारा, शेवटी काय होतं? साडू खिडकीबाहेर बघतात. शेवटी एक भलामोठा कोळी निघतो. एवढ्या पानांच्या भीतीतून कोळी! त्यांनी तो मनातल्या प्रतीतून केव्हाच फाडून टाकला आहे. आपल्या जुन्या आवडत्या पुस्तकांचं संपादन आपणच करत असतो, वर्षानुवर्षं, फुकट. नव्या पुस्तकाला ही सेवा अजून मिळालेली नसते, म्हणून ते ओबडधोबड दिसतं. दोन पुस्तकांची तुलना खरंच करायची असेल तर जुनं आधी पुन्हा वाचून काढावं. हे कोणी करत नाही, मीही सुचवून पाहिलं आहे.

शेवटांवरून आपली थट्टा होते हे किंगला ठाऊक आहे. २०१९ च्या ‘इट’च्या दुसऱ्या चित्रपटात लेखक झालेल्या नायकाला जो तो सुनावतो की तुझे शेवट वाईट असतात, सुनावणाऱ्यांत एक जुनापुराणा माल विकणारा दुकानदार आहे आणि ते काम किंगने स्वतः केलं आहे. ‘द डार्क टॉवर’च्या अखेरच्या प्रकरणाआधी तर त्याने वाचकांना सरळ बजावलं आहे की इथेच थांबलात तर बरं. कोणीही थांबलं नाही. सगळे पुढे गेले आणि रागावून परत आले.

या शास्त्राच्या आद्यगुरू ॲनी विल्क्स. ‘मिझरी’ या १९८७ च्या कादंबरीतल्या या माजी परिचारिकेने आपला आवडता लेखक पॉल शेल्डन याला अपघातातून वाचवलं, घरी आणलं, आणि त्याने लाडक्या नायिकेला मारून टाकल्याचं नव्या पुस्तकातून कळताच त्याला कोंडून तिला जिवंत करणारी कादंबरी लिहायला बसवलं. तिचे बाकीचे उपाय, विशेषतः कुऱ्हाड, साधकाने वर्ज्य मानावेत. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पॉल भीतीपोटी पहिल्यांदा काहीतरी लबाडी करून नायिकेला उठवून बसवतो, तेव्हा ॲनी ते पान परत करते. तिला नायिका हवी असते, पण फसवून नको असते. आधीच्या पुस्तकात जे घडलं ते मान्य करून वाट काढ, असा तिचा हट्ट. संपादक म्हणून बाई बिनतोड आहेत. आपल्याला हवं ते मिळालं तरी ते प्रामाणिकपणे मिळालं आहे का, हे तपासणारा निराश वाचक विरळा.

ॲनी निव्वळ कल्पनेतून आलेली नव्हती. १९८० च्या दशकात किंगने ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ ही राजाराणीची गोष्ट लिहिली आणि भयकथा हवी असलेले वाचक बिथरले. त्या अनुभवाचा ‘मिझरी’ला हातभार लागला. ‘द डार्क टॉवर’चा पुढचा खंड लांबला तेव्हा तर कोणीतरी त्याला साखळ्यांनी बांधलेल्या टेडी अस्वलाचा फोटो पाठवला होता, सोबत छापील अक्षरं कापून चिकटवलेली धमकी : पुस्तक काढ, नाहीतर अस्वल मेलं. साडूंना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांना अजिबात हसू आलं नाही. “मग, काढलं का पुस्तक?” एवढंच त्यांनी विचारलं.

आता मुख्य प्रकरण, ‘होली’. २०२३ च्या सप्टेंबरात आलेली. होली गिबनी ही बाई ‘मिस्टर मर्सिडीज’मध्ये चार घटका येऊन जाणार होती, किंगचा तिच्यावर जीव जडला आणि ती पुस्तकामागून पुस्तकात येत राहिली. साडूंना ती सहन होत नाही. त्यांच्या तक्रारी क्रमाने : भूत नाही. राक्षस नाही. गुन्हेगार कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय. आणि पानोपानी करोना, मास्क, लस, कोणी घेतली, कोणी नाही घेतली. शेवटच्या तक्रारीशी मी सहमत आहे. दोन वर्षं सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर जे वाचलं, ते पुन्हा पैसे देऊन कोण वाचणार? होली भली बाई आहे, पण हात धुण्यात पानं खाते. संवादही मधूनमधून असे की विशीतली पोरं किंगच्या पिढीची वाटतात. हे सगळं खरं.

पण गुन्हेगार कोण आहेत? निवृत्त प्राध्यापक पतिपत्नी. सुसंस्कृत, पुस्तकांत रमणारे, म्हातारे. ते काय करतात ते सांगत नाही. कशासाठी करतात ते सांगतो. सांध्यांसाठी. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी. घसरत चाललेल्या स्मरणशक्तीसाठी. आजचा दिवस कालच्यापेक्षा जरा बरा जावा, जिना धरून उतरावा लागू नये, एवढ्यासाठी दोन शिकलेली माणसं कुठवर जातील, ही त्या पुस्तकातली भीती. ती आली तेव्हा किंग शहात्तर वर्षांचा होणार होता. ‘द शायनिंग’ १९७७ ची. तेव्हा त्याच्या घरात लहान मुलं होती आणि पोटात दारू, म्हणून त्यात पोराच्या अंगावर धावून जाणारा दारुडा बाप आहे. ‘पेट सेमेटरी’ १९८३ ची. घरासमोर ट्रकांचा रस्ता, मुलीचं मांजर गाडीखाली गेलेलं. ती लिहून झाल्यावर किंगनेच भिऊन बाजूला ठेवली होती, प्रकाशकाचं देणं फेडायला बाहेर काढली. हा माणूस कायम त्या त्या वर्षी त्याला ज्याची धास्ती वाटते तेच लिहीत आला आहे. आता त्याला म्हातारपणाची वाटते.

मी हे साडूंना सांगायचा प्रयत्न केला. ते आमच्या सोफ्यावरून उठत होते. एक हात गुडघ्यावर, दुसरा सोफ्याच्या दांडीवर, मध्ये एक छोटी विश्रांती. “छे,” ते म्हणाले, “त्यात घाबरण्यासारखं काय आहे?”

त्यांना मग २०२४ च्या ‘यू लाइक इट डार्कर’ संग्रहातली ‘रॅटलस्नेक्स’ वाचायला दिली. ‘कुजो’ कादंबरीतला तो बाप, ज्याचा मुलगा कुत्र्यापायी गेला, तो आता सत्तरीपार गेलेला एकटा माणूस आहे, आणि त्याला जुळ्या मुलांची एक रिकामी बाबागाडी भेटते. चाकाचा आवाज येतो. यापुढे काही सांगत नाही. उशिराच्या किंगशी ज्याला समेट करायचा असेल त्याने कादंबऱ्या बाजूला ठेवून इथून सुरुवात करावी. लांबलचक कथेत तो आजही कोणाला हार जाणार नाही. साडूंनी वाचली नाही. “कथा आहे ती. कथेने निराशा होत नाही, वेळ पुरत नाही.”

उसनवारीविषयी थोडं. निराश वाचकाने पुस्तक कधीही विकत घेऊ नये, जवळच्या नातलगाचं न्यावं. परत मात्र तत्परतेने करावं, कारण परत करताना तक्रार ऐकवायची असते. साडू या बाबतीत काटेकोर आहेत : ‘फेअरी टेल’ आठवडाभरात परत, ‘बिली समर्स’ चार दिवसांत, ‘नेव्हर फ्लिंच’ तर २०२५ मध्ये मी स्वतः वाचायच्या आधी नेऊन, नावं ठेवून आणून दिली. जी आवडली ती मात्र येत नाहीत. ‘पेट सेमेटरी’, ‘इट’ आणि ‘द स्टँड’च्या दोन्ही प्रतींवर मी केव्हाच पाणी सोडलं आहे.

‘होली’ अजून आलेली नाही. परवा आठवण केली तर म्हणाले, ही वाचतेय. मेहुणीला विचारलं. ती म्हणाली, “कोण होली?”