सोडवायचं की सोडायचं

आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत आणि कुणी त्यांना चहासुद्धा विचारलेला नाही. बँकेच्या परीक्षेतल्या सीटिंग अरेंजमेंटशी माझं पहिल्याच दिवशी वाजलं ते इथे. ए, बी, सीपासून एचपर्यंतची ही मंडळी कशासाठी जमलीत, पत्ता नाही. वाटणीची बैठक म्हणावी तर सातबारा नाही, पाहण्याचा कार्यक्रम म्हणावा तर पोहे नाहीत. बी हा एफच्या डावीकडे तिसरा. सी काही केल्या एचशेजारी बसत नाही. का बसत नाही, हे प्रश्नात कुठेच दिलेलं नसतं. बाकीची मुलं पेन्सिलीने वर्तुळ काढून पुढे जायची. मी तिथेच अडायचो. शेजारी न बसण्याइतकं काय झालं असेल बरं दोघांत?

बार्शीहून मी पुण्याला आलो तो बँक पीओ व्हायला. सदाशिव पेठेत एका वाड्यातली खोली, खोलीत नांदेडचा एक पार्टनर, आणि दोन गल्ल्या सोडून अभ्यासिका. पूर्वपरीक्षेत तेव्हा रीझनिंगचे पस्तीस प्रश्न, वेळ 20 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला चौतीस सेकंद. आमच्याकडे चौतीस सेकंदांत माणूस पाटावरसुद्धा बसत नाही. 'तुम्ही बसा', 'नाही, आधी तुम्ही' यातच मिनिट जातं. आणि इथे आठ जणांना बसवायचं, प्रत्येकाचा आवडता रंग शोधायचा, वर त्यातला बँकेत कोण आणि विमा कंपनीत कोण तेही सांगायचं.

क्लासचे सर म्हणायचे, "पझल सोडवतो तो हुशार. पझल सोडतो तो बँकेत." एका 'व'चा काय तो फरक, पण त्यावर त्यांचा अख्खा क्लास चालला होता. हिशेबही त्यांनी फळ्यावर मांडून दाखवला. एका पझलवर पाच प्रश्न. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. एक माणूस चुकीच्या खुर्चीत बसला की त्याच्यामागोमाग सगळेच सरकतात. पाच गुण हातचे जातात, सव्वा गुण खिशातला जातो. एवढं नुकसान तर आमच्या मामांच्या लग्नात रुसलेल्या मावसाजींनीही केलं नव्हतं.

मला मात्र सोडवत नसे. इथे दोन्ही अर्थ घ्यावेत. पाच माणसं बसवून झाली आणि तिघं उभी राहिली, की त्यांना तसंच ताटकळत ठेवून पुढच्या प्रश्नावर जाणं माझ्या संस्कारात बसत नव्हतं.

एकदा मी चिडून गणितच केलं. आठ माणसं गोल टेबलाभोवती 5040 प्रकारे बसू शकतात. सेकंदाला एक रचना तपासली तरी 84 मिनिटं. त्यात पेपर काढणाऱ्यांनी नवी खोडी काढली होती: काही जण आत तोंड करून, काही बाहेर. प्रत्येकाला दोन दिशा धरल्या की रचना होतात 12,90,240. न झोपता, न जेवता सुमारे पंधरा दिवस. हे मी पार्टनरला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "भावा, हे काढायला तुला पंचवीस मिनिटं लागली."

बाहेर तोंड करून बसणारा माणूस मला कधीच पचला नाही. टेबल मध्ये आहे, सात जण टेबलाभोवती आहेत आणि हा पाठ करून भिंतीकडे बघतोय. असा बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय, तो म्हणजे आमचे धाकटे काका, विहिरीच्या वाटणीनंतर. त्यामुळे प्रश्नात 'डी बाहेर पाहतो' असं आलं की मी डीला मनातल्या मनात काकांचा सदरा घालायचो आणि मग दोन मिनिटं त्यांचीच बाजू घेत बसायचो.

डाव्या-उजव्याचा घोळ वेगळाच. आत तोंड असलं की डावीकडे म्हणजे घड्याळाच्या दिशेने, बाहेर असलं की उलट. हे मी वीस वेळा पाठ केलं आणि एकवीस वेळा विसरलो. शेवटी घरमालकीण काकूंनी सोडवलं. मी अंगणात तुळशीसमोर हातवारे करत उभा होतो. त्यांना वाटलं, पोरगं बिघडलं. खरं कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "अरे, तुळशीकडे तोंड आहे ना तुझं? डावीकडे चालायला लाग. काय होतं?" प्रदक्षिणा होते! घड्याळाच्याच दिशेने होते. सगळ्या क्लासच्या फीमध्ये जे मिळालं नाही ते तुळशीवृंदावनाने फुकट दिलं. तोटा इतकाच की पुढे प्रत्येक गोल टेबलाच्या मध्ये मला तुळस दिसायला लागली, आणि तिच्याकडे पाठ करून बसणाऱ्या डीबद्दलचं माझं मत आणखी वाईट झालं.

ब्लड रिलेशनमध्ये मी बरा होतो. पण तिथेही स्वभाव आड यायचा. एक गृहस्थ फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून म्हणतात, 'हिच्या भावाचे वडील म्हणजे माझ्या आईचे यजमान.' अहो, 'ही माझी बहीण' म्हणायला पैसे पडत होते का? हे प्रश्न टिकतात ते इंग्रजीच्या गरिबीवर. 'ब्रदर-इन-लॉ' म्हटलं की दीर, मेहुणा, दाजी सगळे एकाच गाठोड्यात, आणि साडूसुद्धा सोयीप्रमाणे त्यातच. मराठीत नुसतं 'साडू' म्हणा, चार ओळींचं कोडं जागच्या जागी ठार होतं. आपल्याकडे नात्यांची कोडी घातली जात नाहीत, कारण ती शब्दांनी आधीच फोडून ठेवलीत.

पार्टनरने मला उमेद यावी म्हणून एकदा आईनस्टाईनचं म्हणून एक प्रसिद्ध कोडं दिलं. पाच घरं, पाच देशांचे पाच जण, प्रत्येकाचं पेय वेगळं, पाळीव प्राणी वेगळा; पाणी कोण पितो आणि झेब्रा कुणाचा? आईनस्टाईनने ते रचल्याचा पुरावा कुणाकडेच नाही. 'लाइफ इंटरनॅशनल' या मासिकात ते 1962च्या डिसेंबरात छापून आलं होतं. मी ते तीन तासांत सोडवलं. झेब्रा जपानी माणसाकडे आणि पाणी पिणारा नॉर्वेजियन. अगदी कडेच्या घरात एकटा राहतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, नुसतं पाणी पितो. हा नक्की आमच्या पेठेतला, असं मी म्हटलं. पार्टनर म्हणाला, "तीन तासांत नऊ पेपर झाले भावा."

पण अभ्यासिकेत गोष्ट वेगळी होती. तीस खुर्च्या, दोन पंखे, चार्जिंगचा एकच धड पॉइंट. मालकांनी जागा नव्याने ठरवायचं काढलं तेव्हा भांडणं लागली. एमपीएससीचे एक दादा सहा वर्षं खिडकीपाशी, ते हलणार नाहीत. लातूरच्या दोघांना शेजारी ठेवलं की कुजबुज, लांब ठेवलं की खाणाखुणा. एकाला पंखा सोसत नाही, एकाला पंख्याशिवाय झोप येत नाही. मी मालकांना म्हटलं, मी बघतो. वीस मिनिटांत तीस माणसं बसवली, एकही तक्रार नाही. कोण कुणाशेजारी का बसत नाही, हे मला सगळं ठाऊक होतं. कुणाचे डब्याचे पैसे कुणाकडे अडकलेत, कुणी कुणाचं घोरणं रेकॉर्ड केलंय. पार्टनर बघत राहिला. "हेच तिथं कर की लेका!"

तिथं झालं नाही. परीक्षेत पहिलंच पझल आलं, सात जण आत, एक बाहेर. सोडायचं होतं, सोडवत बसलो. सेक्शनचा कटऑफ पाव गुणाने हुकला. पार्टनर पहिल्याच फेरीत लागला. त्याने दोन पझल्स न वाचताच सोडली होती.

मी हल्ली बार्शीत भावाबरोबर मंगल कार्यालय बघतो. परवा पार्टनरचा फोन आला. मॅनेजर झालाय. शाखेचं नूतनीकरण निघालंय, सात जणांचा स्टाफ, एसीच्या टप्प्यात चारच खुर्च्या आणि महिनाभर कुणी कुणाशी धड बोलत नाही.

"कॅशियर मॅडम लोनवाल्यांशेजारी बसायला तयार नाहीत. तेवढं बसवून दे ना भावा."

"का तयार नाहीत?"

"ते सोड. कोण कुठं, तेवढं सांग."

"कारण कळल्याशिवाय मी कुणाला हलवत नाही."

फोनवर बराच वेळ शांतता. मग त्याच्या केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"ऐक," तो हळूच म्हणाला, "गेल्या दिवाळीत काय झालं..."

मी भावाला चहा सांगायची खूण केली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.