निवेदन कसे द्यावे : जालन्यातल्या नव्या सचिवासाठी पहिले पुस्तक

अभिनंदन. उद्योजक संघटनेच्या वार्षिक सभेत सचिवपदासाठी तुमचे नाव पुढे आले, कुणी विरोध केला नाही, आणि तुम्ही नाही म्हणायच्या आत टाळ्या वाजल्या. आता जिल्ह्याची भरभराट व्हावी म्हणून सरकारने काय काय करावे, हे सरकारला सांगायचे काम तुमच्याकडे आले. घाबरू नका. त्याला अर्थशास्त्र लागत नाही. लेटरहेड, मराठी टायपिंग येणारा एक मुलगा आणि गेल्या वर्षीच्या निवेदनाची फाइल एवढ्यावर भागते.

सुरुवात इतिहासाने करायची. ‘जालना सोने का पालना’ ही ओळ पहिल्या परिच्छेदात आलीच पाहिजे. ती नसली तर निवेदन लातूरचे की परभणीचे हे मंत्रालयात कळणार कसे? मग १९०० साली आलेली निजामाची रेल्वे, मोंढा, कापूस, १९४८चा मुक्तिसंग्राम, १ मे १९८१ रोजी झालेला स्वतंत्र जिल्हा. त्यानंतर लगेच अनुशेष, म्हणजे बाकी राज्याच्या तुलनेत राहून गेलेला विकास. दांडेकर समितीने तो १९८४ मध्ये मोजला. तो भरून काढण्यासाठी घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. २०१३ मध्ये केळकर समितीने पुन्हा सगळे मोजले आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली. मोजणीच्या बाबतीत तरी मराठवाड्यावर कधी अन्याय झालेला नाही. हा भाग एका पानात बसवा. साहेब दुसऱ्या ओळीपर्यंत वाचतात, स्वीय सहायक चौथ्या.

मागण्या निवडणे

मागणी चांगली की वाईट हे ओळखायची कसोटी सोपी आहे : तिची कोनशिला बसवता येते का? ड्रायपोर्ट घ्या. कंटेनर इथेच भरायचा, कस्टमची तपासणी इथेच उरकायची आणि माल रेल्वेने थेट न्हावा-शेवा बंदराला पाठवायचा, अशी ही कल्पना. सळई आणि बियाणे विकणाऱ्या, पण समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्याला ती शोभून दिसते. डिसेंबर २०१५ मध्ये नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बदनापूर तालुक्यातल्या जागेवर भूमिपूजन झाले. पुढे त्या जागेची ओळख मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क अशी झाली. नवख्याने एवढे लक्षात ठेवावे की प्रकल्पाचे नाव बदलले म्हणजे जुनी मागणी नवी होते आणि ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर घालता येते.

रेल्वेचे तसेच. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असे करत जाणाऱ्या जालना-जळगाव मार्गाची मागणी अनेक सचिवांनी आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या हाती सोपवली. जालन्याचे खासदार रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री असताना तिला जोर आला. जून २०२४ मध्ये दानवे लोकसभेला पडले. ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च ७,१०६ कोटी रुपये. काम आणि श्रेय एकाच गाडीने येतील अशी अपेक्षा ठेवू नका. शिवाय मिळालेली गाडी आपलीच राहील असेही धरून चालू नका. मुंबईची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून सुटू लागली आणि २०२५ च्या ऑगस्टात नांदेडहून सुटू लागली. म्हणून पूर्ण झालेली मागणीही यादीतून काढायची नसते, फक्त खाली सरकवायची.

समृद्धी महामार्गाबद्दल आभार माना. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि सबंध ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये सुरू झाला. आभारानंतर लगेच ‘तथापि’ लिहा. ‘तथापि’शिवाय आभार मानणारा सचिव दुसऱ्या वर्षी राहत नाही.

वीज : हा धडा सावकाश वाचा

वरचे सगळे पाठ करून येते. वीज मात्र समजून घ्यावी लागते, कारण संपूर्ण निवेदनात खरोखर हिशेब असलेली मागणी ही एवढीच.

पोलादाचे शहर म्हटले की बाहेरच्या माणसाला खाणी दिसू लागतात. जालन्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही. इथे भंगार येते, दुसऱ्यांच्या देशातले, दुसऱ्यांच्या गावातले. ते इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होतात, बिलेट रोलिंग मिलमधून जाऊन सळई होते आणि ती सळई महाराष्ट्रभरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. भट्टी पेटते ती कोळशावर नव्हे, विजेवर. म्हणजे भंगाराखालोखाल मोठा खर्च विजेचा. आणि भंगाराचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, विजेचा भाव मुंबईत वीज नियामक आयोगापुढे. ज्या धंद्याचे दोन्ही मोठे खर्च दुसरीकडे ठरतात, त्याला निवेदनाची सवय लागली तर नवल नाही. तिकडे रायपूरवाल्याच्या दाराशी कोळसा आहे, खनिज आहे, स्पंज आयर्न आहे, वीजही स्वस्त. युनिटमागे एका रुपयाचा फरक पडला तरी सळईच्या टनामागे तो शेकड्यांत जातो आणि नाशिकच्या बिल्डरला आपण जालन्याचे की छत्तीसगडचे याच्याशी देणेघेणे नसते.

२०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळू लागली. ती टिकवा, वाढवा, वेळेवर द्या, ही मागणी लिहायची. मात्र या सवलतीचा मोठा वाटा मोजक्याच बड्या पोलाद कारखान्यांकडे जातो, अशी ओरड राज्यात झाली होती. डाळमिल, जिनिंग, ऑइलमिल, फॅब्रिकेशनचे शेड चालवणारे सदस्य ती विसरलेले नाहीत. त्यामुळे मसुद्यात ‘सर्व उद्योगांना’ असे लिहा आणि बैठकीत सळईवाल्यांना पहिल्या रांगेत बसवा.

दुसरे, घड्याळ सांभाळा. वर्षानुवर्षे रात्रीच्या विजेला सवलत होती, म्हणून भट्ट्या रात्री पेटायच्या. औद्योगिक वसाहतीत खरा दिवस रात्री दहाला उगवायचा. २०२५ च्या वीजदर आदेशाने ही सवलत सौर तासांकडे, म्हणजे दिवसाकडे नेली. सूर्याची वीज सूर्य असताना वापरा, हे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही आणि भट्टी दुपारी चालवायला सांगणारा माणूस मे महिन्यात जालन्यात आलेला नाही, हेही खरे. त्यात शेतकऱ्यालाही पंपासाठी वीज दिवसाच हवी असते आणि तुमच्या संघटनेतले निम्मे लोक घरी शेतकरीच आहेत. यावर एकमताची भूमिका घ्यायची असेल तर सभा जेवणानंतर ठेवा.

धमकीबद्दल. ‘सवलत न मिळाल्यास उद्योग परराज्यात स्थलांतरित होतील’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात एकदाच, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येते. क्रियापद नेहमी ‘होतील’ असते. ‘आम्ही जाऊ’ असे कधी लिहू नये. साहेबांनी तारीख विचारली तर पंचाईत.

पाणी

२०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर जगले आणि मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी सरपणाच्या भावाने तोडून दिल्या. जायकवाडीच्या जलवाहिनीबद्दल जे लिहायचे ते लिहाच. पण जुन्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकवर्गणीतून काढला गेला, त्यात उद्योजक होते, व्यापारी होते, आणि गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेऊन टाकला, त्याचा कागद संघटनेच्या कपाटात शोधू नका. ते काम कुणाला निवेदन देण्याच्या आधीच सुरू झाले होते.

काय लिहू नये

पाहुण्यांविषयी लिहू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये जालन्यात लग्नाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांचा ताफा आला आणि वऱ्हाड प्राप्तिकर खात्याचे निघाले. त्या आठवड्यात ‘व्यवसाय सुलभता’ या विषयावर निवेदन देऊ नये, एवढे तारतम्य तुमच्याकडे आहेच.

‘कुशल मनुष्यबळ मिळत नाही’ हे जरूर लिहावे. पगार किती देतो, हे लिहू नये. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा आवार २०१८ मध्ये जालन्यात आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस मात्र अजून उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून येतो. त्याच्यासाठी स्वतंत्र मुद्दा गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये सापडणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन कामगार भाजले, त्यानंतरही सापडणार नाही.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले होते, मध्य प्रदेशातले. टाळेबंदीत काम बंद होते, हातात पैसे नव्हते; भुसावळहून गावाकडे जायला गाडी मिळेल असे कळले म्हणून ते पायी निघाले होते. आपण ज्या जळगाव मार्गासाठी इतकी वर्षे शिष्टमंडळे नेली, तो त्याच दिशेला जातो. ‘कनेक्टिव्हिटी’च्या मुद्द्यात आपण सळई, मोसंबी आणि अजिंठ्याचे पर्यटक यांची वाहतूक मोजतो. या वर्षीच्या मसुद्यात कामगारांसाठी राहण्याची जागा, भट्टीवरची सुरक्षा तपासणी आणि वसाहतीत चालू स्थितीतला दवाखाना असे तीन मुद्दे घालून बघा. सदस्य विचारतील, हे सरकारकडे मागायचे की आपणच करायचे? त्यांना बोलू द्या. इतिवृत्तात ते जसेच्या तसे लिहा.

एक-दोन उदाहरणे, जमल्यास

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हा देशात बियाणे कायदादेखील नव्हता. तो १९६६ चा. सुरुवातीला भेंडीचे बियाणे, शेतकऱ्यांच्या शेतातच वाढवून घेतलेले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्याची राजधानी झाली ती अशी. सीड पार्कची मागणी लिहिताना हे नाव गौरवाने घालतात, घाला. फक्त बियाणे उद्योगाचे बाकीचे गाऱ्हाणे, म्हणजे कापूस बियाण्याचा भाव सरकारने बांधून दिल्याचे, त्याच पानावर नको. शेतकरी संघटनेचा माणूस पुढच्याच खुर्चीत बसलेला असतो.

दुसरे उदाहरण छोटे आहे, म्हणून निवेदनांत मागे पडते. तुतीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला रेशीम कोष विकायला कर्नाटकात रामनगरपर्यंत जावे लागत असे. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची बाजारपेठ उघडली. एक लिलावगृह, काटा, आणि हाती पडणारे पैसे. त्याला फार मोठी कोनशिला लागली नाही आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांत जिल्ह्याने मागितलेल्या गोष्टींत इतका रोकडा उपयोग फार थोड्यांचा झाला. मसुदा समितीपुढे हे म्हणून पाहा. ‘चांगले आहे, पण पॅकेजमध्ये बसणार नाही,’ असे उत्तर येईल.

सुपूर्द करताना

पॅकेज म्हणजे मराठवाड्यात मंत्रिमंडळाची बैठक भरली की जाहीर होते ते. २०१६ च्या ऑक्टोबरात ४९ हजार कोटींचे झाले, २०२३ च्या सप्टेंबरात ४५ हजार कोटींच्या वरचे. त्यातला जालन्याचा वाटा किती, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोजायचे नसते. त्या दिवशी फोटो येतो. फोटोत निवेदनाचे एक टोक सगळ्यांनी धरायचे. साहेब ‘सकारात्मक आहोत’ म्हणाले की मान हलवा. ‘तपासून घेतो’ म्हणाले तर स्वीय सहायकाचा नंबर घ्या. काहीच न बोलता पुढच्या शिष्टमंडळाकडे वळले तरी बातमीत ‘सविस्तर चर्चा’ असेच लिहायचे.

पोच घ्यायला विसरू नका : शिक्का, आवक क्रमांक, तारीख. आणि मूळ फाइलमध्ये ‘मा. पालकमंत्री’ यापुढची जागा मोकळी सोडा. २०२० पासून तिथे राजेश टोपे, अतुल सावे आणि पंकजा मुंडे अशी नावे आली आहेत. एका वर्षी कुणाच्या तरी घाईत आधीच्याच साहेबांचे नाव छापून गेले, आणि नव्या साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.