अत्यावश्यक मेदाम्ले आणि बाटलीवरचे हृदय

मेदाम्ले अनेक आहेत, पण शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी मुख्यतः दोनच : लिनोलेइक (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३). जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये दाखवून दिले, की मेदविरहित आहारावर उंदरांची वाढ खुंटते आणि कातडीला खवले धरतात. उंदरांनी तेलाच्या जाहिराती पाहिलेल्या नसल्याने हा निष्कर्ष विश्वासार्ह मानला जातो.

पारंपरिक वाणांच्या करडई तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. सूर्यफूल तेलातही ते भरपूर. ओमेगा-३ मात्र दोन्हींत नावापुरते. बाटलीवर लाल हृदय आणि ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ ही घोषणा ठळक असते. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नगण्य. ही फुशारकी मिठाच्या पुडीवर ‘बिनसाखरेचे’ छापण्यासारखी आहे.

जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून अधिक असते. हे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होते, म्हणून रंग आणि वार्निशमध्ये फार पूर्वीपासून वापरले जाते. तळणीला मात्र ते कुचकामी. अख्खे जवस बरेचदा न पचताच बाहेर पडतात. कुटले की मेदाम्ले मिळतात. विदर्भ-मराठवाड्यातील खलबत्त्याने जवसाची चटणी कुटून हे काम केव्हाच उरकले. आता तेच जवस कॅप्सूलमध्ये भरून, दर चढवून परतले आहेत. भाकरी तेवढी वेगळी घ्यावी लागते.

वनस्पतिजन्य ओमेगा-३ चे माशांतल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांमध्ये रूपांतर फार थोडे होते. ही माहिती बाटलीवर छापण्यास जागा उरत नाही.