आधी मोड बघा

ज्याची उभी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली, त्याला ‘मोड’ हा प्रकार नव्यानं समजावून सांगावा लागत नाही, असा माझा समज होता आणि अजूनही आहे.

कोयली हे वडोदऱ्याच्या कुशीतलं गाव. रशियन मदतीनं उभारलेली रिफायनरी इथं ऑक्टोबर १९६५ मध्ये चालू झाली, आणि तेव्हापासून गावाचं नाव कच्च्या तेलाच्या हिशेबात देशभर घेतलं जातं. आसपास कारखाने इतके, की घरटी एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या पॅनलपुढे बसलेला असतो. मीही बसलो. पॅनलवरच्या प्रत्येक कंट्रोलरला मोड असतो. ऑटोत असेल तर तुम्ही नुसता सेटपॉइंट द्यायचा, व्हॉल्व्ह किती उघडायचा ते तो बघतो. मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह तुमच्या हातात. आणि कॅस्केडमध्ये सेटपॉइंटही तुम्ही द्यायचा नाही. तो दुसरा, वरचा कंट्रोलर देतो. सरकारी भाषेत याला ‘वरून आदेश’ म्हणतात. माझ्या पहिल्या शिफ्ट इनचार्जचा एकच मंत्र होता: हात लावायच्या आधी मोड बघ. ते कधी बोटांवर पट्टी मारत नसत, पण मारल्यासारखं बघत.

एवढं शिक्षण झालेल्या माणसाला लेकीनं निवृत्तीनंतर व्हिम नावाचा टेक्स्ट एडिटर शिकायला बसवलं.

ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आली तेव्हा घरातला जुना लॅपटॉप चालू होईस्तोवर चहा पिऊन कप विसळून होत. तिनं त्यावर लिनक्स चढवलं आणि म्हणाली, “बाबा, मंडळाचा अहवाल आता व्हिममध्ये लिहा. एकदा हात बसला की माउसला बोट लावावं लागणार नाही तुम्हाला.” माउसनं माझं काय वाकडं केलं होतं, हे मी विचारलं नाही. मी कॅस्केड मोडमध्ये होतो.

समोर काळा पडदा. डाव्या कडेला वरून खाली नागमोडी टिल्ड चिन्हांची रांग, मधोमध व्हिमचं नाव आणि खाली युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती. मला वाटलं, लॅपटॉप कुणी तरी हॅक केला. तसं नव्हतं. व्हिम १९९१ साली बाहेर आणणारे डच गृहस्थ ब्रॅम मूलेनार यांनी सॉफ्टवेअर फुकट वाटलं आणि वापरणाऱ्यांना एवढंच सांगितलं, की जमलं तर युगांडातल्या किबाले गावच्या मुलांसाठी काही द्या. ते स्वतः तिथं राहून काम करून आले होते. ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले. विनंती अजून पडद्यावर आहे. आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर मी इतकी नम्र भाषा पाहिलेली नाही.

लेखनाची सुरुवात श्रीकारानं करायची आमच्याकडे रीत आहे. मराठी कळफलक अजून बसवलेला नव्हता, म्हणून रोमन अक्षरांत ‘श्री गणेशाय नमः’ टाईप केलं. पडद्यावर उमटलं: ‘ह्री गणेशाय नमः’. एस गायब. पहिल्याच ओळीत मी वैष्णवाचा शाक्त झालो होतो.

खुलासा असा की व्हिम उघडतो तेव्हा तो लिहायच्या मोडमध्ये नसतोच. तो असतो नॉर्मल मोडमध्ये, जिथं प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. मोठा एस म्हणजे ‘ही अख्खी ओळ पूस आणि लिहायला लाग’. त्यानं आज्ञेप्रमाणे ओळ पुसली, नशिबानं ती रिकामी होती, आणि पुढची अक्षरं इमानदारीनं लिहून घेतली. माझं नशीब तसं चांगलंच. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टोच्या प्रयोगशाळेत ब्राव्हो नावाचा एडिटर होता. त्याच्या कमांड मोडमध्ये कुणी भाबडेपणानं ‘एडिट’ हा शब्द टाईप केला तर ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पुसून टाक, आय म्हणजे लिहायला लाग, आणि उरलेला टी कागदावर. सगळा मजकूर जाऊन एकटा टी शिल्लक राही. त्याच प्रयोगशाळेतले लॅरी टेस्लर, ज्यांच्यामुळे आज आपण कट-कॉपी-पेस्ट करतो, ते या मोडांवर इतके वैतागले होते की त्यांनी गाडीच्या नंबरप्लेटवर ‘नो मोड्स’ लिहून घेतलं. आमच्याकडे तिथं ‘जय अंबे’ असतं.

मग बोटांचं शिक्षण सुरू झालं. एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. बाणांच्या कळा समोर दिसत असताना हा आडमार्ग का, तर १९७६ च्या सुमाराला बर्कलेच्या बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्याला बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. आणि नॉर्मल मोडमध्ये परतायच्या ज्या एस्केपसाठी आज करंगळीला पार कोपऱ्यापर्यंत धावावं लागतं, ती तेव्हा आजच्या टॅबच्या जागी, हाताशी होती. म्हणजे टर्मिनल भंगारात गेलं, पण त्याच्या कळांची वहिवाट राहिली. बडोद्याच्या जुन्या वाड्यांचे खटले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वहिवाट म्हणजे काय ते सांगायला नको.

कॅप्स लॉक चुकून चालू राहिलं तर काय होतं, हे वर्गणीदारांच्या यादीवर कळलं. लहान जे म्हणजे खाली उतर. मोठा जे म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीला जोड. मी भराभर खाली उतरतोय म्हणून कळ दाबून धरली, आणि अख्खी आळी एका ओळीत हात धरून उभी राहिली.

पण काही गोष्टी अशा आहेत की त्यासाठी मी हे सगळं माफ करतो. ‘डीडी’ दाबलं की ओळ उचलली जाते. आणि मग ‘पी’ दाबलं की तीच ओळ एक पायरी खाली बसते. मंडळाच्या राजकारणात जी माणसं वर्षानुवर्षं यादीच्या डोक्यावर बसली आहेत, त्यांना तीन बोटांत खाली आणता येतं, हे सुख माउसमध्ये नाही. पाठोपाठ दोनदा ‘यू’ दाबून मी त्यांना परत वर नेतो, हा भाग वेगळा.

व्याकरणाचीही एक गंमत आहे. व्हिममध्ये आधी क्रियापद, मग कर्म: ‘डीडब्ल्यू’, म्हणजे ‘पुसून टाक, शब्द’. मराठी डोकं उलटं चालतं. आपण आधी शब्दावर बोट ठेवतो आणि मग सांगतो, हा पूस. त्यामुळे मला सगळ्यांत आधी जमला तो व्हिज्युअल मोड. व्ही दाबा, हवा तेवढा मजकूर रंगवा, मग डी. लेकीच्या मते हा नवशिक्यांचा मार्ग. पण हेलिक्स नावाच्या नव्या एडिटरनं हाच क्रम, आधी निवड आणि मग क्रिया, मूळ म्हणून धरला आहे असं तिनंच सांगितलं. म्हणजे कर्ता-कर्म-क्रियापद शिकवणाऱ्या आमच्या बाईंचं अगदीच वाया गेलं नाही.

खरा तमाशा मराठी कळफलक आल्यावर झाला. मी इनस्क्रिप्ट वापरतो. डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. १९९१ मध्येच त्यावर भारतीय मानक संस्थेचा शिक्का बसला. त्याच साली व्हिम जन्मला, पण दोघांची पत्रिका कुणी जुळवून पाहिली नव्हती. इनस्क्रिप्टमध्ये एच-जे-के-एलच्या जागी प, र, क, त येतात. लिहिता लिहिता एस्केप विसरून खाली जायला गेलं की मजकुरात ‘रररर’. फाइल सेव्ह करायचा हुकूम कोलन-डब्ल्यू. तो इनस्क्रिप्टमध्ये उमटतो ‘छै’. गुजरातेत राहून मराठी अहवालात असा जवळजवळ गुजराती शब्द आपसूक यावा, हे एक वेळ चालेल. पण झालेली चूक मागे घ्यायला ‘यू’ दाबावं, तर त्या कळेवर आहे ह. मी घाबरून चार वेळा दाबलं. अहवालाच्या मधोमध व्हिमनं लिहिलं: ‘हहहह’.

आता एकाऐवजी दोन मोड सांभाळायचे: व्हिमचा आणि कळफलकाचा. मिळून चार अवस्था, त्यातल्या दोन कामाच्या, दोन घातक. लेक म्हणाली, याला लँगमॅप नावाचा उपाय आहे. प म्हणजे एच, र म्हणजे जे, असं एकदा सांगून ठेवता येतं. मी म्हटलं, राहू दे. बडोद्याच्या मराठी माणसाला चार अवस्था जड नाहीत.

टेस्लरसाहेबांशी माझा मतभेद आहे तो इथंच. मोड माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहेत असं त्यांचं म्हणणं; ते कोयलीत राहिले असते तर म्हणाले नसते. सकाळी घरात मराठी. दारात भाजीवाली आली की ‘केम छो’ आणि ‘छुट्टा आपो’. प्लँटमध्ये बिहारपासून केरळपर्यंतची माणसं, म्हणून हिंदी. आणि शिफ्ट संपताना लॉगबुकात इंग्रजी, कारण चौकशी झालीच तर ती इंग्रजीत होते. १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांच्या गोपाळरावाला आणून बडोद्याच्या गादीवर बसवलं, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे त्या सयाजीराव महाराजांना मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी एकदमच शिकावं लागलं. आमचं गावच असं चार मोडांवर चालतं.

अडचण मोडची नसते, एस्केपची असते. पुण्याला आत्याकडे पंगतीत भाजी मागताना मी सहज म्हणून गेलो, “जरा शाक वाढा.” सगळी पंगत थांबली. आत्येभावानं विचारलं, “शाकाहारी का?” मी तीन तासांपूर्वी गाडीतून उतरलो होतो, पण मोड अजून आमच्या बाजवा स्टेशनातच होता.

तसंच आता व्हिमचं झालं आहे. एका परिचिताकडे दुःखद घटना घडली. मी मोबाइलवर सांत्वनाचे चार शब्द नीट जुळवले आणि शेवटी बोटांनी आपसूक कोलन-डब्ल्यू-क्यू जोडलं. त्याखाली तिघांनी हात जोडल्याचं चित्र टाकून तेच तीन वर्ण लिहिले. नवी काही तरी इंग्रजी श्रद्धांजली असावी असा त्यांचा समज झाला.

बाहेर पडण्याबद्दल मी मुद्दाम काही बोललो नाही. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न उघडून पाहणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेल्याचं स्टॅक ओव्हरफ्लोनं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. त्या गर्दीत माझी भर नको. एस्केप, कोलन, क्यू. लिहिलेलं टाकून द्यायचं असेल तर वर उद्गारचिन्ह. नुसतं क्यू मात्र दाबू नये. पाठोपाठ कुठलंही अक्षर दाबलं गेलं की तळाशी ‘रेकॉर्डिंग’ असं येतं आणि तुमची पुढची सगळी धडपड व्हिम मुकाट टिपून घेतो, हवी तर पुन्हा करून दाखवायला.

हे सगळं मी शेजारच्या काकांना अर्धा तास समजावलं. पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीला गुजरातीत अर्ज लिहायचा होता आणि त्यांचा कॉम्प्युटर बिघडलेला. मी आय दाबून त्यांना लिहायच्या मोडमध्ये बसवलं आणि चहा आणायला आत गेलो. बाहेर आलो तर पडदा काळा ठिक्कर. “बंध नहोतुं थतुं,” काका म्हणाले. त्यांनी लॅपटॉपचं पॉवरचं बटण दाबून धरलं होतं.

मी लॅपटॉप परत चालू केला, तीच फाइल उघडली. व्हिमनं पडदाभर इशारा दिला: स्वॅप फाइल सापडली आहे. दोनशे अक्षरं टाईप झाली, किंवा चार सेकंद हात थांबला, की तो गुपचूप एक प्रत बाजूला ठेवतो. त्यानं दिलेल्या पर्यायांतून मी ‘रिकव्हर’ निवडलं. काकांचा अख्खा अर्ज, टाकीच्या गळतीसकट, शेवटच्या ‘आभार’पर्यंत जसाच्या तसा परत आला.

काकांनी चष्मा सारखा करून तो वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बटन दबावीए तोय सेव थई जाय छे! तो आटली माथाकूट शेनी?”