पोरीला बघून येते

दिलसुखनगर मेट्रो स्टेशनाच्या जिन्यावरून एखादी बाई एका खांद्याला पिशवी, दोन्ही हातांत पिशव्या आणि काखेत पाण्याची बाटली अशी उतरताना दिसली, आणि तिच्या चार पायऱ्या पुढं एखादी मुलगी 'ही कोण बाई, मला माहीत नाही' अशा चेहऱ्यानं चालत असली, की मी घरी बायकोला फोन करतो, "चहा टाक, नांदेड जिल्हा उतरला."

हैदराबादेतल्या आमच्या दिलसुखनगरात माणसं कमी आणि कोचिंग क्लास जास्त. एकाच इमारतीत खाली नाइटींचं दुकान, त्यावर बँकेच्या परीक्षांचा क्लास, त्यावर जावा शिकवणारा, आणि उरलेल्या मजल्यांवर लेडीज हॉस्टेल. आमच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या हॉस्टेलात देगलूर, बिलोली, उदगीरच्या बऱ्याच मुली असतात. त्यांच्या आया अधूनमधून येतात. आल्या की भिंतीपलीकडून मराठी ऐकू येते, आणि मराठी ऐकू आली की आमच्या घरातलं दूध संपतं.

ही बाई खरं तर सहलीला आलेली असते. पण तिला तसं म्हणून बघा, भांडण होईल. ती 'पोरीला बघून' जायला आलेली असते. पोरगी कशी दिसते हे व्हिडिओ कॉलवर रोज रात्री दिसतं, तो मुद्दा वेगळा.

तिच्या घरात सहल फक्त शाळेची निघते. घरातला पुरुष 'जरा जाऊन येतो' म्हणतो आणि तिरुपती करून येतो. त्याला कुणी विचारत नाही. बाईला मात्र उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला कारण लागतं. दवाखाना, लग्नाचा बस्ता किंवा नवस. यात पोरीचं हॉस्टेल हे कारण सगळ्यात टिकाऊ. नवस एकदाच फेडता येतो, पोरीला दर दोन महिन्यांनी बघता येतं.

वाट तशी जुनीच. देगलूर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. या बाईच्या आजेसासूचा बस्ता इथल्या पत्थरगट्टीच्या बाजारात बांधलेला असतो आणि ते ती आम्हाला दर खेपेला सांगते. पुढं राज्यांची वाटणी झाली, बस्त्याची कुणी केली नाही. फक्त तिकिटाची पंचाईत झाली. एसटीनं यावं तर मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. आणि देगलूरहून हद्द म्हणजे पदर सावरून बसेपर्यंत मागं पडते. तेलंगणाच्या बसनं यावं तर तिथल्या बायकांना 9 डिसेंबर 2023 पासून प्रवास फुकट. म्हणजे मदनूरला चढलेली बाई आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेणार, वर खिडकीही घेणार, आणि हिनं पूर्ण पैसे मोजून तिच्या शेजारी अवघडून बसायचं. हे दुःख ती इमलीबनच्या बस स्टँडपासून चार मेट्रो स्टेशनं उराशी धरून आणते आणि आमच्या सोफ्यावर ठेवते.

पिशव्यांत काय असतं ते विचारू नका. ज्वारीच्या भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घरचं तूप, आणि एकदा तर चक्क वरवंटा होता. पोरगी म्हणाली, "मम्मी, हॉस्टेलमध्ये पाटा नाही." त्यावर उत्तर आलं, "आधी वरवंटा असू दे, पाटा पुढच्या बारीला आणते." पुढच्या बारीची तजवीज ही अशी असते.

गुडघ्यांचं म्हणाल तर तिचे गुडघे देगलूरात दुखतात. इथं ती गल्लीगल्लीत नाइटी, चप्पल आणि केसांच्या क्लिपांचे भाव करत चार तास फिरते. तेही तीन भाषांत. सुरुवात तेलुगूत, कारण सीमेवरच्या माणसाला ती येतेच. मधे घासाघीस दखनीत. आणि शेवटचा 'नको' मराठीत. दुकानदारही 'नक्को' म्हणतो. तो शब्द आपलाच त्यांच्याकडं गेलेला, त्यामुळं तिथं सौदा जुळतो. शिर्डी आयुष्यात एकदाच झालेली असते. पण इथल्या साईबाबा मंदिरात दर खेपेला दर्शन होतं, आणि हे मात्र ती घरी आवर्जून फोन करून कळवते. बाकीचं कळवत नाही.

लेक तरी काय कमी? तिलाही क्लास बुडवायला कारण हवंच असतं. 'मम्मी आलीय' याच्याइतकं सोज्वळ कारण कुठल्या क्लासच्या सरांना नाकारता येईल? तर अशा या दोघी, एकमेकींच्या नावावर रजा काढलेल्या.

गेल्या खेपेला त्या सालारजंग म्युझियमला गेल्या. नातलग सोडून हैदराबादेत बघण्यासारखं काही असतं, हे या बाईला वीस वर्षांच्या येण्याजाण्यात पहिल्यांदाच कळत होतं. अफजलगंजच्या बसमध्ये कंडक्टरबाईनं सगळ्या बायकांना शून्याची तिकिटं फाडली आणि हिच्यापुढं हात पसरला. झालं. "छप्पनच्या आधी आम्ही तुमचेच होतोत," हिनं सुनावलं. कंडक्टरबाईचा जन्म फार तर नव्वदचा. तिनं शांतपणे आधार कार्ड मागितलं. लेकीनं खिडकीबाहेर बघत दोघींचे पैसे दिले.

म्युझियममध्ये कूक अँड केल्व्हीचं ते प्रसिद्ध घड्याळ आहे. तास भरत आला की माणसं त्याच्यापुढं दाटीनं बसतात. दाढीवाला एक छोटा पुतळा दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके देतो आणि आत जातो. त्याच घड्याळात एक लोहार आहे. तो दर सेकंदाला हातोडा मारत असतो. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मायलेकी तिथं बसल्या. लोक दाराकडं बघत होते, ही लोहाराकडं.

"याच्याकडं कुणी बघंना गं," ती लेकीला म्हणाली.

"मम्मी, तो दाढीवाला येणारे ना आता."

"येऊ दे की. तासाला एकदा भायेर यायचं, ठोके द्यायचे, आत जायचं. असला एक हाय की आपल्या घरी."

तेवढ्यात त्याचाच फोन आला. क्लासवाल्यांनी आपली गैरहजेरीची चिठ्ठी मोबाइलवर थेट वडलांकडं पाठवली होती. बाईनं डोळ्याची पापणी न लवता सांगितलं, "तिला मीच घिऊन आले. दवाखान्यात हावोत. गुडघ्याचं दाखवायलेव." कुठला डॉक्टर, काय फी, अशी पलीकडून उलटतपासणी चालू असतानाच दार उघडलं, बारा ठोके पडले आणि हॉलभर टाळ्या वाजल्या.

"टाळ्या कशाच्या गं?"

"नंबर आला!" असं म्हणून तिनं फोन बंद केला.

संध्याकाळी आमच्याकडं चहाला बसून तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. लेकही हसत होती. दोघी हसताना इतक्या सारख्या दिसतात, हे माझ्या बायकोच्याही तेव्हाच लक्षात आलं. मग पुन्हा फोन वाजला. बाईनं पदर नीट केला, घसा साफ केला आणि एकदम दमलेल्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर म्हणले, म्हैन्यानं परत दाखवा. आन् पोरगी लई वाळलीय हो."

वाळलेली पोरगी तेव्हा आमच्या डब्यातली तिसरी चकली खात होती.